पानं बदलण्याआधी

गार्डेनाच्या क्लबात दारू मिळत नाही.
कॉफी मिळते, गाजर घातलेला मटणाचा रस्सा मिळतो,
आणि दर अर्ध्या तासाने एक मुलगी येते
खुर्चीचं भाडं मागायला.

आठ माणसं, हिरवी बनात.
पानं आपली आपणच पिसायची, आपणच वाटायची.
निदान गुलामांची जोडी असेल तरच डाव उघडायचा
आणि चढवायचं तर दोन डॉलर.
मन कितीही फुगलं तरी दोनच.

मी विमानाच्या कारखान्यात रिव्हेट मारून यायचो.
आठ तास कुणाशी बोललेलो नसायचो,
मग इथे बसलं की प्रत्येक डावाला हो म्हणावंसं वाटायचं.
दुर्रींच्या जोडीला हो. एकट्या एक्क्याला हो.
चार बदाम आणि एक परकं पान,
पटात पैसे नाहीत, माणसं नाहीत,
तरी हो.

माझ्या डावीकडे आर्डिथ पेटिबोन.
टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं तारा जोडलेली,
पर्समध्ये मेणकागदात अंड्याचं सँडविच.
लाइन लागत नसेल तर प्लग काढून घ्यायचा,
ही बोटांची सवय अजून गेली नव्हती.
तासतासभर ती पानं नुसती परत करायची,
शेजारणीची साखरेची वाटी परत करावी तशी.

एकदा पहिल्या खुर्चीवरून ऑरव्हिलने उघडलं.
माझ्याकडे तिर्री-तिर्री, छक्की-छक्की.
दोन जोड्या!
मी दोन डॉलर अलगद पुढे सरकवले.
मग मागून आणखी तिघे आले, स्वस्तात,
दार किलकिलं दिसलं की मांजरं येतात तसे.
त्यातल्या एकाला पाचवं चौकट लागलं.

रस्स्याच्या रांगेत आर्डिथ म्हणाली,
"पोरा, तू तळ्यात की मळ्यात?
पहिल्या खुर्चीवरचा माणूस उघडतो
तेव्हा सात जणांकडे पाठ करून उघडतो.
त्याचे गुलाम म्हणजे एक्के समज.
शेवटच्या खुर्चीवरचे गुलाम मात्र खरंच गुलाम.
तुझ्या दोन जोड्या बारांतून एकदा सुधारतात,
त्या आत्ताच काय त्या मोठ्या.
चढव, मागच्यांना दुप्पट भाडं लाव,
नाहीतर टाकून दे.
चार बदामांना गर्दी लागते,
एकटा असताना त्यांच्या नादी लागू नकोस.
आणि नुसतं बरोबर जाणं म्हणजे…"
पुढे वाढप्याला म्हणाली, गाजर नको.
वाक्य तसंच राहिलं.

ते वर्ष मी पानं टाकण्यात घालवलं.
खुर्चीचं भाडं निघू लागलं, वर थोडं पेट्रोलचंही.

मार्चमध्ये तोमोजी हिरानो परत आला.
अकरा आठवडे त्याच्या खुर्चीत कोणीही बसत होतं.
रुळांपलीकडे त्याची शेवंतीची रोपवाटिका;
हिशेब बायको बघायची.
जानेवारीपासूनच्या वह्या कोऱ्या, असं ऑरव्हिल म्हणाला.

आर्डिथने पानं वाटली.
पहिली पाळी हिरानोची. त्याने उघडलं.
पानं पडत गेली, टप, टप, ऑरव्हिलची,
मग माझी, आणि माझे होते राजे,
तेही टाकले. शिकलो होतो.
उरली एकटी आर्डिथ.

तिने पानं मिटली, पुन्हा उघडली,
आणि दोन डॉलर पुढे सरकवले.
चढवले नाहीत.

तिने तीन पानं घेतली, त्याने एक.
नंतर त्याने चार लावले, तिने तेही भरले.
त्याच्या हातात एक्के आणि अठ्ठ्या.
तिने आपली पानं पालथीच सारली,
पण पिसायची पाळी आता त्याची होती,
गोळा करताना दोन उलटली:
सत्ती, सत्ती.
बाकी सगळं किरकोळ असणार.
त्याचा हात क्षणभर थांबला.
मग त्याने ती गठ्ठ्याच्या मधोमध खुपसली
आणि पिसत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्त.

"सत्त्या?" मी कुजबुजलो.
"पहिल्या खुर्चीसमोर?"

ती सँडविचचा कागद सोडवत होती.
"फुलवाल्याला," ती म्हणाली,
"फुलं कुठून आणून पाठवायची?"

पुढच्या डावात तिने राण्या टाकल्या,
मला कड दिसली.
भाडंवाली मुलगी आमच्या मागे येऊन उभी होती.