आठ ते दोन

रामदेव गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर
सुदेश बिर्जेचं ऑफिस. आम्ही तिघी,
खुर्च्या दोन.
फिलोमिना उभीच राहिली, सवयीनं.

तो म्हणाला, तीन रात्री पाण्यावर, चार जमिनीवर.
लोक दिवस मोजतात, हा रात्री मोजतो,
म्हणजे आमच्यातलाच.
सिव्हिलला आम्हीही रात्रीच मोजल्या.
शाल्मलानं रिटायर होताना सगळ्यांची बेरीज केली
आणि आकडा कुणाला न दाखवता कागद फाडला.

मुरगावहून जहाज सुटतं पाचला.
म्हणजे चोर्ला घाट सकाळीच उतरायचा,
म्हणजे फिलूला खानापुरातून आदल्या दिवशी आणायची,
म्हणजे ती झोपणार माझ्याकडं, टिळकवाडीत,
म्हणजे घोरणं बेळगावातनंच सुरू.

"केबिन आतली, की खिडकीची?"
खिडकीला माणशी नऊ हजार जास्त.
आतली म्हणजे चार भिंती आणि एक दिवा,
बाहेर उजाडलं का ते घड्याळाला विचारायचं.
शाल्मलानं एकोणीस वर्षं ऑपरेशन थेटरात काढली.
"खिडकीची कर," म्हणाली,
"बांगडी मोडायला लागली तरी चालेल."

आधार कार्डावर मी चौगला, पेन्शनच्या बुकात चौगुले,
कन्नडमधनं इंग्रजीत जाताना कुठंतरी उकार सांडला.
तिकिटावर कोण जाणार? सुदेश म्हणाला, चौगला.
बरं. समुद्र बघून येऊ दे तिला,
मी तिची बॅग धरते.

हा सुदेश आठव्या महिन्यातला.
काचेच्या पेटीत एकवीस दिवस होता, मूठभर.
त्याची आई पायरीवर बसून राहायची, मांडीवर बंद डबा.
फिलूनं त्याला ओळखलं ते कानांवरनं.
बोललो नाही कुणीच.
दराची घासाघीस चालली असताना
ते बरं दिसलं नसतं.

मुन्नारला तळमजला हवा, शाल्मलाचा गुडघा आहे.
फिलूला रविवारी एक मिस्सा, भाषा कुठलीही चालेल.
"ट्रिपल शेअरिंग करू?" त्यानं विचारलं,
मी पंख्याकडं बघत बसले.
"हिला एक रात्र सुटी खोली दे," फिलू म्हणाली,
"चाळीस खाटांच्या वॉर्डात जन्म गेला हिचा."
मला वाटत होतं, हिला कधी काही कळत नाही.

मग त्यानं पेन थांबवलं.
जहाज कोचीला लागणार सकाळी आठला.
हॉटेलची खोली मिळणार दोनला.
मधे सहा तास, तीन बायका, पाच बॅगा.
मसाल्याची बाग घालू? बोट? हत्ती?
एक म्युझियम आहे, एसीवालं.

आम्ही एकमेकींकडं बघितलं.
आठ ते दोन.
सकाळची ड्यूटी.
चार्ज घ्यायचा, चादरी, ताप, सलाइन,
राउंडला डॉक्टर, मागनं त्याचा राग,
नातेवाइकांना बाहेर घालवायचं,
एकाला तरी पांढऱ्या कापडात,
आणि दोनला चार्ज द्यायचा, सही करून,
पाय आपले आहेत हे तेव्हा आठवायचं.

"तिथं बाकडं आहेत काय रे, धक्क्यावर?"
"असतील की, सिस्टर."
(सिस्टर. म्हणजे कुणीतरी त्याला सांगितलंय.)
"मग बसतो."
"सहा तास? पण चौकटीत काय लिहू?
कंपनीला रिकामी चौकट चालत नाही."

शाल्मला म्हणाली, "सुम्ने."

उगीच म्हणावं तर उगीच नाही,
गप्प म्हणावं तर तेवढं गप्प पण नाही.
ह्या गावात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही.
सुदेशनं मान खाली घातली
आणि आठ ते दोनच्या पुढं
मराठीत, ठळक, लिहिलं: सुम्ने.

खाली उतरून आम्ही
गोकाकचं करदंट एक किलो न्यायचं की दोन
यावरनं गल्लीच्या तोंडापर्यंत भांडलो.