कोर्ट उठेपर्यंत

नऊ वर्षं पुकारतोय मी हे नाव
जिन्याखाली ऐकू जाईल असं:
नरसय्या मल्लेशम चिलवेरी हाजिर हो

सुताचे सात कोन, अक्कलकोट रोडचा कारखाना.
मालक वारला. शेडमध्ये आता मंगल कार्यालय.
मुद्देमाल उंदरांनी नेला, जामिनाशिवाय.

आज साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल?
त्यानं वकिलाकडं नाही,
विड्या वळून पिवळ्या झालेल्या
बायकोच्या बोटांकडं बघितलं.
म्हणाला, दंड किती?

पाचशे. आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

बाकावर बसला
दुसऱ्यांच्या तारखा ऐकत.
पाचला साहेब उठले, सगळे उठले,
मी पंखे बंद केले,
हा बसूनच.

उठलं की रे कोर्ट, म्हटलं, सुटलास.
तर म्हणाला, पुढची तारीख?
आणि मी, सवयीनं, बोर्डाकडं वळलो.