नऊपर्यंत मोजा

वालपराइसोच्या बंदराकडे तोंड केलेल्या
आमच्या तिसऱ्या मजल्यावर
सोमवारी नवी प्रणाली आली, कुणाला न विचारता.
जुनी हिरवी अक्षरं दुपारपर्यंत विझली.

निबाल्दोनं सव्वीस वर्षं
डोळे मिटून भरली होती जहाजांची बिलं.
आता एकेक बटण चाचपत होता,
अंधारात चप्पल शोधावी तसा.
सान्तियागोहून निरोप: अडचण आल्यास पुस्तिका पाहावी.
पुस्तिका दोनशे बारा पानांची.

ओर्तेंसिया काही बोलली नाही.
रद्द पावत्यांच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून
सरकवत गेली एकेकाच्या कीबोर्डखाली:
इथे पडदा पांढरा होतो. घाबरू नका.
नऊपर्यंत मोजा.

खाली कुणी भर घातली: वजन आधी, मग बंदर.
कुणी: एलिसेओला विचारा, तो चिडत नाही.
त्याखाली एलिसेओ: कधीकधी चिडतो.

चहाच्या वेळी पाव मोडताना
यादीचा विषय काढायचा नाही, असं काही ठरलं नव्हतं.
कुणी काढला नाही.
फक्त निबाल्दोचा कप
रोज कुणीतरी आधीच विसळून ठेवू लागलं.

शुक्रवारी यादी लागली.
ओर्तेंसियानं खिडकीतली जिरेनियमची कुंडी उचलली.
लिफ्ट बंद होती, म्हणून
एका कुंडीसाठी आम्ही पाच जण जिने उतरलो.

आज पुन्हा पडदा पांढरा.
बाहेर क्रेन हवेत थबकलेली.
पलीकडून निबाल्दोचा आवाज, हळू: एक, दोन...
मग माझा. मग बदलीवर आलेल्या त्या मुलीचा,
जिनं ओर्तेंसियाला पाहिलेलंही नाही.

सातवर कुणीतरी हसलं.
आठ.