मे महिन्यात हातोडी बंद

इंजिनाच्या पोटात एकोणतीस वर्षं काढली मी.
डावा कान तिथंच राहिला,
उजव्यात अजून एक घरघर आहे,
रात्री उशीवर डोकं टेकलं की सुरू होते.
म्हणून रागना मावशी जेव्हा म्हणाली,
'इथं आवाज करायचा नाही, ओडवार,'
तेव्हा हसूच आलं.
ज्याच्या डोक्यातच कारखाना, त्यानं गप्प व्हायचं कुठून?

बेट म्हणजे दोन घरं, एक धक्का,
आणि भिंतींच्या कडेनं, पालथ्या होड्यांखाली, पायऱ्यांच्या पोकळीत
दगडांची, वाहून आलेल्या फळ्यांची खोपटी.
एकशे तेरा.
माणसांसाठी नव्हेत.
आयडर बदकं समुद्रावरून येतात,
पसंत पडलं तर राहतात.
एप्रिलभर आम्ही समुद्रगवत वाळवलं,
काडी न् काडी झटकली,
मुठीमुठीनं आत अंथरलं,
लेक बाळंतपणाला यायची असावी तसं.

मग बटाटे सोलता सोलता मावशीनं नियम सांगितले.
कुत्रं पलीकडच्या बेटावर.
वाळत घातलेले कपडे फडफडता कामा नयेत.
नवा कोट घालायचा नाही, ती जुन्यालाच ओळखतात.
धावायचं नाही.
हातोडी बंद.

छप्पर गळत होतं, नेमकं माझ्या अंथरुणावर.
खिळे खिशात होते. पाच मिनिटांचं काम.
मी घमेलं ठेवलं,
आणि थेंब वाजू नये म्हणून घमेल्यात
एक जुना लोकरी मोजा.

पहिल्या आठवड्यात कोणी आलं नाही.
दुसऱ्यातही नाही.
मी दर तासाला दुर्बीण लावायचो,
पंपाचा काटा बघावा तशी.
'बघू नकोस. बघितलेलं त्यांना कळतं.'
'मग करू काय?'
'बस.'
'बसून?'
यावर ती काही बोलली नाही.
तिच्या मांडीवर लोकर होती, सुया लाकडाच्या होत्या.

बसलो.
अंगाला बसणं ठाऊक नव्हतं.
गुडघा आपोआप हलायचा,
बोटं नसलेले नट आवळायची.
त्या दिवसांत तिकडे अंधार येतच नाही,
सूर्य जरा टेकतो आणि उठतो,
त्यामुळे किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.
ओहोटी लागली, भरती आली, पुन्हा ओहोटी.
खडकावरचा एक शिंपला पाणी गेल्यावर मिटला,
पाणी आल्यावर उघडला.
एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली
अशी ती पहिलीच.

मग एका पहाटे, की मध्यरात्री,
पायरीखाली खसखसलं.
मी पायरीवरच होतो, हातात कॉफी.
तपकिरी, थोराड, डुलत चालणारी ती
माझ्या बुटाला वळसा घालून आत गेली,
गवत चोचीनं हलवून पाहिलं,
बाहेर आली, माझ्याकडे बघितलं,
तक्रार होती की नव्हती कोण जाणे,
आणि परत आत गेली.
कॉफी हातातच गार झाली.
कप खाली ठेवला असता तर वाजला असता.

पंचवीस दिवस ती अंड्यांवर, जवळजवळ उपाशी,
स्वतःच्या छातीची लव उपटून अंड्यांभोवती घातलेली.
पंचवीस दिवस मी मागच्या खिडकीतून घरात शिरत होतो,
बासष्टाव्या वर्षी, आधी पाय, मग पोट.
मावशी आतून पँट धरून ओढायची
आणि आम्ही दोघं हसू दाबता दाबता रडायचो.

जूनमध्ये पाच पिलं घेऊन ती पाण्याकडे निघून गेली.
मागं वळली नाही. का वळावं?
पायरीखाली ओंजळभर लव उरली होती.
उचलली, तर वजनच नाही,
नुसती ऊब.
'एका दुलईला साठेक घरटी लागतात,' मावशी म्हणाली.
यंदा आमच्याकडे एकोणीस.
'म्हणजे तीन-चार वर्षं?'
'घाई आहे?'

मी घाई चाचपून पाहिली.
खिशात खिळे लागले.
कानातली घरघरही होती,
पण लांबून जाणाऱ्या बोटीसारखी,
जिच्यावर आज माझी पाळी नव्हती.

छप्पर जुलैत ठोकलं.
मोजा अजून घमेल्यातच आहे.