मानसाची दारं

शेवटच्या फेरीबोटीनं चोडणला उतरले तेव्हा ओहोटी लागलेली.
रुझारनं काही न बोलता माझी पेटी उचलली.
बांधावरून चालताना एकच आवाज,
खाजनातलं पाणी मानसातून नदीत उतरत होतं.

मानस म्हणजे मन नव्हे.
मी सत्तरीच्या डोंगरातली, मलाही इथं येऊनच कळलं.
बांधाच्या पोटात दगडी चौकट, तिला लाकडी झडपा.
भरती आली की नदीच त्या ढकलून मिटवते,
ओहोटीला आतलं पाणी त्या उघडून निघून जातं.
रुझार फक्त कुजलेल्या फळ्या बदलतो
आणि फटीत अडकलेली कुर्ली सोडवतो.

म्हशीचं नाव आबोली.
काळी कुळकुळीत, तरी आबोली. पिएदादनं ठेवलेलं,
का ते विचारायचं नाही.
चार दिवस चाऱ्याला तोंड नाही,
कोपरं बाहेर काढून उभी, उतारावर कण्हते.
गळ्याखाली सूज, बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो,
आणि मानेतली नीला
काथ्याच्या दोरासारखी फुगलेली.

कॉलेजात घोकलं होतं: रोहिणी हृदयाकडून निघते,
नीला हृदयाकडे परतते.
इथं परतलेलं रक्त उंबऱ्याशीच थांबलं होतं,
आत घ्यायला कुणी नसल्यासारखं.

डाव्या कोपराआड स्टेथोस्कोप सरकवला.
लब्ब, डब्ब. लोकांना वाटतं ते ठोके असतात.
ते दारं मिटण्याचे आवाज.
आधी कर्णिकांखालची दोन, मग रोहिण्यांच्या तोंडाशी दोन.
झडप आपणहून हलत नाही,
मागे वळू पाहणारं रक्तच तिला लावून घेतं.
आबोलीच्या छातीत मिनिटाला शंभराच्या वर
आणि दारं ऐकूच येईनात.
लांबून कुणी भरलेली कळशी
हिंदकळत नेत असावं, तसं काहीतरी.

"तार," मी म्हटलं.
रुझारच्या हातातली टॉर्च खाली गेली.

म्हैस निवडून खात नाही, जिभेनं ओढते नि गिळते.
जड वस्तू दुसऱ्या पोटात बसते, पोळ्यासारख्या जाळीत.
तिथून एक पडदा, त्यापुढे हृदय. चार बोटांचं अंतर.
मग प्रत्येक श्वास तारेला पुढे सारतो, केसभर, केसभर,
हृदयाभोवतीच्या पिशवीत पू साचतो
आणि हृदयाला उमलायला जागा उरत नाही.

मे महिन्यात मानसाची फळी तारेनं बांधली होती.
हे रुझार बोलला नाही. मीही विचारलं नाही.
पिएदाद बोलली.

दुखणं कमी होईल इतकं इंजेक्शन दिलं.
पुढचं सांगितलं, जेवढं सांगता येतं तेवढं.
मग रुझारनं भलतंच विचारलं, "कुर्लीला काळीज असतं?"
असतं, पाठीच्या कवचाखाली. पण नळ्या अर्ध्यावरच सुटतात,
रक्त मोकळंच हिंडतं आतड्यांतून, खाजनातल्या पाण्यासारखं.
लोखंडाऐवजी तांब्याचं, म्हणून निळसर.
"आणि शेवट्याला?"
दोन खोल्या. कल्ल्यांकडे, तिथून अंगभर, मग घरी. एकच फेरी.
म्हशीला चार. उजव्या बाजूची वाट जवळची, फुफ्फुसांपर्यंत,
डावीची शेपटीच्या गोंड्यापर्यंत.
"आणि माणसाला?"
म्हशीइतक्याच.

तीनच्या सुमारास बांधाकडून लाकडाचा आवाज आला,
एक जड, एक हलका.
"मिटलं," तो म्हणाला, न बघता.
कोपऱ्यात रेडकू जागं होतं.
त्याच्या छातीवर नळी टेकवून
दुसरं टोक पिएदादच्या कानात घातलं.
ती खूप वेळ वाकून राहिली. काय ऐकलं ते बोलली नाही.

पहिल्या फेरीबोटीआधी फी घेतली.
नसती घेतली तर त्यांनी ओळखलं असतं.