साठपर्यंत

वडगावच्या गल्लीत माग चालू असले की
कुणालाच काही सांगता येत नाही.
ओरडावं लागतं,
आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हे.
म्हणून मी दुपारी दोनला जाते,
लाइट जाते तेव्हा.

माझ्या रजिस्टरात तीस ते पासष्टच्या
दोनशे अकरा बायका आहेत.
रकाने कानडीत, नावं कानडीत,
आणि समासात, पेन्सिलीनं, माझ्यापुरतं मराठीत :
सासू पुढच्या दारात बसते, मागनं जाणे.
हिला सोमवारी उपास.
ही हसते. हसण्यावर जाऊ नये.

ट्रेनिंगला शिकवलं होतं, गर्भाशयाचं मुख.
तो शब्द घेऊन गेले तर बायकांना
देवळातलं काही वाटलं.
मुख देवाला असतं, आम्हाला तोंड.
मग मी म्हणायला लागले, पिशवीचं तोंड.
‘पिशवीच काढून टाकली की माझी,’ रुद्राक्का म्हणाली,
‘तोंडासकट.’
आणि सगळ्या हसल्या,
मीही.
तेही लिहून ठेवलं.

द्रुपदा काकतीकर कांड्या भरते. वय त्रेचाळीस.
पहिल्यांदा म्हणाली, मला काय झालंय?
काही झालं नाही, म्हणून तर, मी म्हटलं.
दुसऱ्यांदा म्हणाली, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली,
आता तिकडचं कोण विचारतंय.
तिसऱ्यांदा साडी पुरी व्हायची होती.
चौथ्यांदा तिनं चहा केला
आणि नणंदेचं सांगितलं.
वास यायचा म्हणून
तिचं अंथरूण माडीवर हलवलं होतं,
ताट जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेवायचे.
‘तवा कोण आलं नाही बघ विचाराला,’
एवढंच म्हणाली, कप विसळत.
पाचव्यांदा गेले
तर चप्पल घालून दारात उभी.

दवाखान्याचा पडदा हिरवा, एका बाजूनं आखूड.
सिस्टर नीलगंगानं बाटली उघडली.
द्रुपदानं नाक वर केलं :
‘ह्यो तर गोबीवाल्याच्या गाड्यावरचा वास.’
होय की. व्हिनेगरच.
पिशवीच्या तोंडाला लावायचं,
एक मिनिट थांबायचं.
जिथं बिघडायच्या बेतात असेल
तिथं पांढरं उमटतं.
‘म्हणजे सूत तुटायच्या आधी विरळतंय, तसं,’
ती छताकडे बघत म्हणाली.
सात वर्षं बोलतेय मी ह्या विषयावर,
मला हे सुचलं नव्हतं.

दोन वाजले असणार.
दिवा गेला
आणि सगळ्या वडगावातले माग
एकदम थांबले.
इतकं शांत की पडद्याची कडी ऐकू आली.
मी मोबाइलची बत्ती धरली.
सिस्टर मोजू लागली, ओंदु, एरडु, मूरु,
द्रुपदा ओठांत, एक, दोन, तीन.
सिस्टर जरा घाईची.
ती अरवत्तुला पोचली
तेव्हा द्रुपदा एक्कावन्नावर होती.
सिस्टर काही बोलली नाही.
वाकलेली तशीच राहिली,
उरलेले नऊ आकडे
आम्ही मराठीतूनच संपवले.

पांढरं होतं.
तांदळाच्या कणीएवढं.
कॅन्सर नव्हे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
त्याच्या कितीतरी अलीकडचं काही.
लाइट आल्यावर छोट्या यंत्रानं शेक दिला.
द्रुपदानं माझं मनगट धरलं होतं,
बांगडीचा वळ दोन दिवस राहिला.
वर्षानं परत यायचं, कार्डावर लिहून दिलं, कानडीत.
खाली मी मराठीत लिहिलं.

परत येताना गल्लीत माग पुन्हा सुरू झालेले.
ती सावकाश चालत होती.
कोपऱ्यावर थांबून तिनं विचारलं काहीतरी.
तू कधी गं, असं असावं.
रजिस्टरात माझं नाव नाही.
लिहिणारीचं कोण लिहिणार?
मागांच्या आवाजात ऐकू आलं नाही
असं मी दाखवलं.

तिनं परत विचारलं,
ओरडून.
चार दारांतनं बायका बाहेर आल्या.