मंडईचे दोन दिवस, खड्ड्यातून

शनिवारी दुपारी उरकुडा नाकाड्याने
भोंगा चिंचेवर बांधला, आणि पिंपळबोडीभर
"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" तीनदा गेले.
तेवढ्यानेच लेकी माहेरी पोचल्यासारख्या वाटल्या.
खऱ्या पोचल्या त्या चारच्या गाडीने,
काखेत पोरं, पिशवीत जावयाचे नवे बूट.

धान अर्धे कापून पडले आहे बांध्यांत.
कोणी विचारलेच तर
"दोन दिवसांत का पाखरं खाऊन जातेत जी?"
एवढेच उत्तर.

शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, जिलेबीवर माश्या.
गोवारी मोरपिसांच्या ढाली नाचवून गेले.
देवळामागे खडी गंमत उभी राहिली.
रतिराम एकतीस वर्षे नाचतो तिथे, बाई होऊन.
यंदा लुगड्याखाली गुडघ्याला क्रेप बँडेज.
चोनक्याने ठेका वाढवला की तो डोळ्यांनी विनवतो: हळू.
समोर माणसे किती? मोजली मी. छप्पन,
आणि तीन बकऱ्या.
तरी तो छप्पनांना असा लाजला
की एका म्हाताऱ्याने दहाची नोट काढली,
पुन्हा खिशात घातली,
पुन्हा काढली.

रात्र आमची. खुर्ची दीडशे, गादी शंभर,
जमीन सत्तर, पोते ज्याचे त्याने आणावे.
वडशाहून आलेल्या ट्रकमधून उतरतात
महाल, जंगल, कोर्टाची खोली,
गुंडाळलेली.
मी स्टेजपुढच्या खड्ड्यात उतरतो,
ऑर्गनवाल्याच्या गुडघ्याला गुडघा लावून.
वहीवर साठचा बल्ब. किडे अक्षरांवर बसतात,
कधी कधी किड्यालाच अनुस्वार समजून वाचतो मी.

काम सांगायला सोपे आहे:
वाक्य दुसऱ्याच्या तोंडून निघायच्या अर्धा श्वास आधी
माझ्या तोंडून निघायला हवे,
आणि ते कोणाला कळता कामा नये.
बारा वर्षांत मी राजा झालो, फौजदार, विधवा, दारुडा.
बायको म्हणते, घरी का बोलत नाही तुम्ही.

रविवारी, रात्री तीनला, तिसरा अंक.
घर सोडून निघालेल्या मुलीला
आईने, म्हणजे हेमलताबाईंनी, तोडून टाकायचे आहे.
"आजपासून तू मला मेलीस!" मी वाक्य टाकले.
त्या गप्प.
पुन्हा टाकले, जरा मोठ्याने.
ऑर्गनवाल्याने उगाच एक काळी पट्टी दाबून धरली.
तीन हजार माणूस, कांबळीत, मफलरीत,
खोकलासुद्धा नाही.
तिसऱ्यांदा मी इतका वाकलो
की वहीला कपाळ लागले.

त्यांनी खाली माझ्याकडे पाहिले.
प्रॉम्प्टरकडे कोणी पाहत नसते.
मग पोरीकडे वळून, नाटकाची भाषा सोडून,
चुलीजवळच्या आवाजात म्हणाल्या,
"जातेस त जा ना वो. पन थंडी लय पडली,
शाल त घेऊन जाय."

वहीत शाल नाही. स्टेजवरही नव्हती.
पोरगी नवी, नागपूरची, दोन रात्रींची जागी,
रडू लागली ते बसवलेले रडणे नव्हते.
तेवढ्यात जमिनीवरच्या बायकांतून कोणीतरी फेकली:
तपकिरी, एका टोकाला हळदीचा डाग.
ती स्टेजपर्यंत पोचली नाही, माझ्या वहीवर पडली.
सगळे पान झाकले गेले.
मी हात उंच करून वर दिली.
बारा वर्षांत लोकांना दिसलो तो एवढाच,
मनगटापर्यंत.

सकाळी लेखकाने विचारले, "वाक्य दिलं नव्हतं काय?"
"दिलं होतं जी."
"मग?"
मी चहा फुंकत राहिलो.

भोंग्यावर उरकुडा सांगत होता,
एक तपकिरी शाल सापडली आहे, हळदीचा डाग असलेली,
ज्या बाईची असेल तिने ओळख पटवून न्यावी.
नऊच्या गाडीने लेकी गेल्या. शाल न्यायला कोणी आले नाही.
बांध्यांतले धान दवाने ओले होते.
धुऱ्यावरून रतिराम चालला होता, लंगडत,
हातात विळा,
डोळ्यांत कालचे काजळ तसेच.